जैतुनाच्या तेलावर उभे राहिलेले रिंगण



गेल्या गळीत हंगामात वजनकाट्यासमोर ट्रॅक्टरची रांग लागली होती. नंबर यायला वेळ होता. आपल्या एका तरुण सभासदाने केबिनमधून गुंडाळलेले कॅलेंडर काढले, एक पान उघडून आमच्यापुढे धरले आणि विचारले, "गुरुजी, हा किल्ला कुठला हो?" चित्र खरोखर बघण्यासारखे होते. सपाट, कोरडे रान, पांढरी बैठी घरे आणि त्या घरांच्या डोक्यावर एकावर एक तीन मजले कमानी असलेली पिवळसर दगडाची प्रचंड भिंत. एका बाजूने भिंत फुटलेली.

आम्ही म्हटले, "बाळ, हा किल्ला नव्हे. हे रोमन लोकांचे रिंगण आहे, आणि ते तुझ्या-माझ्यासारख्यांच्या मालावर उभे राहिले आहे." तो हसला. त्याला वाटले गुरुजी थट्टा करतात. तेवढ्यात रांग सरकली आणि बोलणे अर्धे राहिले. ते पुरे करावे म्हणून हा लेख.

हे गाव आफ्रिकेच्या उत्तर टोकाला, भूमध्य समुद्राकाठच्या ट्युनिशिया देशात आहे. आजचे नाव अल् जेम. रोमन काळात त्याला थिस्द्रुस म्हणत. समुद्र तिथून तीसेक किलोमीटरवर. गावाला बारमाही नदी नाही, डोंगर नाही, खाण नाही. पाऊस वर्षाला दहा-बारा इंच, तोही बेभरवशाचा. आपल्या माण-खटाव, आटपाडीकडचा माणूस तिथे उभा राहिला तर म्हणेल, "अरे, इथं तर आमच्यापेक्षा वाईट आहे!" आणि अशा रानात पस्तीस हजार माणसे बसतील एवढे प्रेक्षागृह. लांबी १४८ मीटर, रुंदी १२२ मीटर, उंची सुमारे ३६ मीटर, म्हणजे दहा-बारा मजली इमारतीएवढी. रोम शहरातले सुप्रसिद्ध कलोझियम इ. स. ८० साली खुले झाले. ते याहून मोठे आहे, पण ती राजधानी होती. सगळ्या जगाचा कर तिथे गोळा होत होता. थिस्द्रुसला हे कशाच्या बळावर जमले, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर एका शब्दात द्यायचे तर तेल. ऑलिव्हचे, म्हणजे ज्याला आपल्याकडे जैतून म्हणतात त्या फळाचे तेल.

सुरुवातीला गाव अगदी साधे होते. ख्रिस्तपूर्व ४६ साली ज्युलियस सीझर या मुलखात आपल्या शत्रूंशी लढत होता. त्या मोहिमेच्या हकीकतीत थिस्द्रुसचे नाव येते. इटलीहून आलेल्या व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी तिथे तीन लाख मापे गहू साठवून ठेवला होता. आपल्या हिशेबाने हा गहू दोन हजार टनांच्या आसपास भरतो. लढाई संपल्यावर सीझरने विरोधात गेलेल्या शहरांना जबर दंड ठोकले. थिस्द्रुसवर मात्र थोडा धान्याचाच दंड बसला, कारण गावाची ऐपतच तेवढी होती. त्याच गावाने पुढे तीनशे वर्षांच्या आत हे रिंगण बांधले.

मधल्या काळात रानात जैतून लागले. हे झाड आपल्या उसाच्या अगदी उलट स्वभावाचे. ऊस म्हणजे पाण्याचा खादाड, बारा-अठरा महिन्यांत तोडीला येतो आणि लगेच पैसा मोकळा करतो. जैतून पाणी मागत नाही, पण वेळ मागतो. रोप लावले की चांगले पीक यायला सात-आठ वर्षे तरी लागतात, कोरड्या रानात त्याहून जास्त. एक वर्ष झाड लगडते, दुसऱ्या वर्षी रुसते. पण एकदा लागलेले झाड नातवा-पणतवाला पुरते. आजही या भागाच्या दक्षिणेला, स्फाक्स शहराभोवती झाडे एकमेकांपासून २४-२४ मीटरवर लावतात. हेक्टरी जेमतेम १७ झाडे. पाहणाऱ्याला वाटते, किती जमीन वाया घालवली! पण वाया काही जात नाही. मुळे दूरवर पसरतात आणि पडलेला थेंब न् थेंब ओढून घेतात. मधली जमीन नांगरून भुसभुशीत ठेवायची, तण म्हणून उगवू द्यायचे नाही. कोरडवाहू शेतीचे हे गणित त्या लोकांनी फार पूर्वी सोडवले होते.

फळ उतरवल्यावर घाई मात्र आपल्यासारखीच. तोडलेला ऊस उन्हात पडला की उतारा घसरतो, तसे काढलेले जैतून ढिगात राहिले की तापते आणि तेल खवट होते. म्हणून शेतातच घाणे असत. आधी दगडी चाकाखाली फळ ठेचायचे, मग तो लगदा विणलेल्या चपट्या टोपल्यांत भरून टोपल्यांची चळत लावायची आणि वरून एक भला मोठा लाकडी दांडा दाबायचा. दांड्याचे एक टोक भिंतीत किंवा दगडी खांबांत अडकवलेले, दुसऱ्या टोकाला वजनासाठी अवजड दगड. रस गळून टाक्यांत यायचा. त्यात तेल आणि पाणी दोन्ही असते. तो निवत ठेवला की तेल वर येई. उरलेला चोथा जाळायला. आपण बगॅसवर बॉयलर चालवतो, त्यांनी चोथ्यावर कुंभारांच्या भट्ट्या आणि भाकरीच्या चुली चालवल्या. ट्युनिशियाच्या रानात त्या दाब-घाण्यांचे उभे दगडी खांब आजही पाहायला मिळतात.

तेल मातीच्या उंच रांजणांत भरून समुद्राकाठच्या सुल्लेक्थुम बंदरात जाई. आज त्या जागेला सलक्ता म्हणतात. रांजण तिथेच भाजले जात आणि कित्येकांवर गावाचा छाप मारलेला असे. आपल्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते, तसाच प्रकार. तिथून माल थेट रोमच्या बंदराला, ओस्तियाला. ओस्तियाच्या व्यापारी चौकात निरनिराळ्या बंदरांच्या मंडळींच्या कचेऱ्यांपुढे रंगीत खड्यांच्या फरशा आहेत. त्यांत सुल्लेक्थुमवाल्यांचीही एक आहे, नावासकट. तेल कशाला लागे? खायला, दिव्याला, अंगाला चोळायला. रोम शहरातल्या लोकांना सरकार धान्य फुकट वाटत असे. पुढे सेप्टिमियस सेव्हेरस या बादशहाने तेलही फुकट वाटायला सुरुवात केली. हा गृहस्थ स्वतः आफ्रिकेतला होता. त्यामुळे आफ्रिकेच्या तेलाला गिऱ्हाईक कायमचे मिळाले. तथापि सरकार हे गिऱ्हाईक कसे असते हे आपल्याला सांगायला नको. २०१३ सालापर्यंत लेव्ही साखरेचा अनुभव आपण घेतलेलाच आहे.

आता हे तेल काढणारा माणूस कोण? तिथली बरीचशी जमीन बड्या मालकांची, काही तर खुद्द बादशहाची. कसणारी कुळे वेगळी. त्यांच्या अटी काय होत्या हे आपल्याला कळते, कारण त्या दगडावर कोरून ठेवलेल्या सापडल्या आहेत. ट्युनिशियाच्या उत्तर भागात इ. स. ११६-११७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. त्यात म्हटले आहे की गव्हाचा तिसरा वाटा, जवाचा तिसरा, तेलाचा तिसरा मालकाला द्यावा. पण ज्याने पडीक जमिनीत नवीन जैतून लावले, त्याने पहिली दहा पिके पूर्ण स्वतः घ्यावीत, मग तिसरा वाटा सुरू. रानटी झाडावर कलम केले असेल तर पाच पिके माफ. आम्हाला हे वाचून कौतुक वाटले. झाडाला यायला वेळ लागतो, तोवर कुळाने खायचे काय, याचा विचार कुणीतरी केला होता. पडीक रान जैतुनाखाली यायला असल्या सवलतींचा फार मोठा हात होता, असे अभ्यासकांचे मत आहे.

पण कायदा कागदावर (म्हणजे इथे दगडावर) एक आणि रानात दुसरेच, हेही तिथे होतेच. त्याच भागातल्या दुसऱ्या एका शाही जमिनीवरच्या कुळांनी इ. स. १८० नंतर लवकरच बादशहा कमोडसकडे अर्ज केला. तक्रार अशी : जमिनीचा मक्तेदार आणि सरकारी अंमलदार एक झाले आहेत, ठरल्यापेक्षा जास्त वेठ घेतात, बोललो तर शिपाई आणून आम्हाला बांधले, झोडपले. वर्षाला नांगरटीला दोन, निंदणीला दोन आणि कापणीला दोन, एवढेच दिवस आमच्याकडून घ्यावेत. बादशहाचे उत्तर कुळांच्या बाजूने आले. त्यांनी काय केले? ते उत्तर अर्जासकट दगडावर कोरून काढले, म्हणजे पुन्हा कुणी नाही म्हणायला नको. तो दगड १८७९ साली सापडला. अडाणी म्हणून ज्यांना हिणवले जाते त्यांची ही हुशारी.

तर अशा मुलखात थिस्द्रुस वाढले. श्रीमंतांची घरे झाली. त्यांच्या जमिनीवर खड्यांची अशी सुंदर चित्रे बसवलेली आहेत की आज ती अल् जेमच्या आणि ट्युनिस शहराच्या संग्रहालयात लोक रांगा लावून बघतात. गावात आधी दोन लहान रिंगणे होऊन गेली होती. पहिले तर नुसते टेकाडाच्या मऊ खडकात खोदलेले, दुसरे त्याच जागेवर. तिसरे, म्हणजे आपल्या चित्रातले, तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातले. साधारण इ. स. २३८ हे साल सांगतात.

रोमन रिंगण म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. नाटकाची जागा अर्धवर्तुळाकार असते. हे पूर्ण आणि लांबट गोल. मध्ये वाळू टाकलेली मोकळी जागा, अल् जेमला ती ६५ मीटर लांब आणि ३९ मीटर रुंद आहे. भोवती चढत्या बैठका, बैठकांखाली कमानींचे रस्ते. लोक आत येताना आणि बाहेर पडताना चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून जिने आणि दारे वाटून दिलेली. आपल्याला हा आकार अनोळखी नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपच्या दौऱ्यावर गेले तेव्हा त्यांनी रोमचे कलोझियम पाहिले. त्यावरून त्यांच्या मनाने घेतले आणि कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान झाले. ते १९१२ साली पुरे झाले. खासबागेत शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही हौदातली पकड दिसते, त्याचे मूळ या रोमन युक्तीत आहे.

अल् जेमची गंमत अशी की कलोझियमसारखी खाली खोल पायाची बांधणी इथे नाही. सपाट जमिनीवर दगडावर दगड रचून सारा डोलारा उभा आहे, कुठल्या टेकडीचा आधार नाही. दगड सलक्त्याच्या खाणीतला. तीस किलोमीटरवरून तो ओढून आणला. जी वाट तेलाचे रांजण बंदराकडे नेई, त्याच बाजूने दगड उलटा गावाकडे आला. बाहेरच्या प्रत्येक मजल्यावर ६४ कमानी होत्या. रिंगणाच्या पोटात भुयारी बोळ आणि बाजूला गाळे, तिथे जनावरे कोंडलेली असत आणि झडपांतून वर काढली जात.

आणि वर काय चाले? इथे आम्हाला लेखणी जरा आवरावी लागते. आफ्रिकेत जनावरांचे खेळ विशेष लोकप्रिय होते. सिंह, बिबटे, अस्वले, बैल. माणसांशी झुंज, जनावरांची आपसांत झुंज. पण तेवढेच नव्हते. शिक्षा झालेल्या माणसांना बांधून जनावरांपुढे सोडत. अल् जेमच्याच एका श्रीमंत घराच्या फरशीवर बांधलेल्या कैद्यावर बिबट्याने झेप घेतल्याचे चित्र आहे. जेवणाखाण्याच्या घरात, पायाखाली हे चित्र! त्या दगडांची थोरवी सांगताना ही गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही.

या खेळांचा खर्च कोण करी याचाही एक नमुना सापडला आहे. अल् जेमपासून फार लांब नाही अशा स्मिरात गावी एक फरशी मिळाली, ती आता सूस शहरातल्या संग्रहालयात आहे. तीवर चार बिबटे चार शिकाऱ्यांशी लढताना दाखवले आहेत, आणि बिबट्यांची नावेही लिहिली आहेत. मध्ये एक मुलगा तबकात पैशाच्या चार थैल्या घेऊन उभा आहे. बाजूला मजकूर. त्याचा मतलब असा की शिकाऱ्यांच्या मंडळाने दर बिबट्यामागे पाचशे दिनार मागितले, आणि मागेरियस नावाच्या गावपुढाऱ्याने प्रत्येकी हजार दिले. लोकांनी त्याचा जयजयकार केला. तो जयजयकारही त्याने शब्दशः फरशीत बसवून घेतला! गावजत्रेत कुस्त्यांचा फड लावणारा आणि इनाम दुप्पट जाहीर करून लाऊडस्पीकरवर नाव पुकारून घेणारा माणूस आपण पाहिलेला आहे. अठराशे वर्षांत त्याच्यात फारसा बदल झालेला दिसत नाही.

आता इ. स. २३८ ची हकीकत. त्या वेळी रोमच्या गादीवर मॅक्झिमिनस नावाचा शिपाईगडी होता. सरहद्दीवरच्या लढायांना त्याला पैसा हवा होता, आणि त्याचे अंमलदार तो कुठून तरी काढीत होते. आफ्रिकेतला वसुली अंमलदार सर्वांत कडक. वरिष्ठांची मर्जी राखायची म्हणून त्याने खोट्यानाट्या खटल्यांत लोकांना दंड ठोकून मालमत्ता जप्त करायला सुरुवात केली. थिस्द्रुसकडच्या काही तरुण जमीनदारांवर असाच दंड बसला. वडिलोपार्जित बागा जाणार हे दिसले. त्यांनी पैसे भरायला तीन दिवसांची मुदत मागितली आणि ती मिळाली. त्या तीन दिवसांत त्यांनी आपापल्या रानातून गडीमाणसांना रातोरात बोलावून घेतले. कपड्याखाली सोटे, कुऱ्हाडी. अंमलदाराशी दंडाचे बोलायला म्हणून पुढे गेले आणि तिथेच त्याला ठार केले. ही हकीकत हेरोडियन या त्या काळातल्याच इतिहासकाराने लिहून ठेवली आहे.

काम झाल्यावर मात्र पोरांच्या ध्यानात आले की आता आपली धडगत नाही. बादशहाचा माणूस मारला. वाचायचे तर बादशहाच बदलला पाहिजे. प्रांताचा सुभेदार गॉर्डियन त्या वेळी थिस्द्रुसमध्ये होता. वय ऐंशीच्या घरात. त्याच्या घरात शिरून त्यांनी जांभळे वस्त्र त्याच्या अंगावर टाकले आणि "तूच बादशहा" म्हणून घोष केला. म्हाताऱ्याने नको नको म्हणून जमिनीवर अंग टाकले. पण मागे फिरायची वाट त्यालाही उरली नव्हती. रोमच्या सभेनेही त्याला मान्यता दिली, मुलगा सहबादशहा झाला. शेजारच्या नुमिडिया प्रांताचा सुभेदार कॅपेलियानस मात्र मॅक्झिमिनसच्या बाजूचा आणि त्याच्याकडे खडी फौज. कार्थेज शहरापुढे लढाई झाली. एकीकडे कसलेले सैनिक, दुसरीकडे घरातली हत्यारे घेतलेली माणसे. मुलगा पडला, बापाने गळफास लावून घेतला. जेमतेम तीन आठवड्यांचे राज्य. पाठोपाठ गावोगाव लूट आणि कत्तल झाली. त्याच वर्षी मॅक्झिमिनसला त्याच्याच सैनिकांनी मारले आणि गॉर्डियनचा नातू, मिसरूडही न फुटलेला, गादीवर बसला. पण रानातले जे मेले ते मेलेच.

रिंगणाच्या बाहेरच्या भिंतीवर कोरायचे म्हणून ठेवलेले काही दगड ओबडधोबडच राहिले आहेत. त्यावरून काम पुरे झालेच नाही असे बरेच जाणकार मानतात, आणि २३८ च्या धामधुमीशी त्याचा संबंध जोडतात.

पुढची गोष्ट आटोपती घेऊ. रोमन राज्य गेले, सातव्या शतकात अरब आले. काहिना नावाच्या बर्बर राणीने या रिंगणाचा किल्ला करून त्यांच्याशी झुंज दिली अशी लोककथा आहे. इथून समुद्रापर्यंत भुयार होते आणि राणी वेढ्यातून ताजे मासे वर काढून शत्रूला दाखवी, असेही सांगतात. असल्या भुयाराची कथा आपल्याकडेही प्रत्येक किल्ल्याला असतेच. त्यानंतर हजार वर्षे भिंती बऱ्यापैकी शाबूत होत्या. १६९५ साली भाऊबंदकीच्या लढाईत बंडवाले आत लपले म्हणून ट्युनिसच्या बे ने, म्हणजे तिथल्या अधिपतीने, भिंतीला खिंडार पाडले. चित्रात जी फुटलेली बाजू दिसते ती हीच. एकदा खिंडार पडल्यावर दगड काढणे सोपे झाले. गावातली घरे त्याच दगडांवर उठली. कमानींत दुकाने बसली, धान्य साठले, बिऱ्हाडेही झाली. वाड्याचे बुरूज ढासळले की आपल्याकडे गोठ्याच्या भिंती भक्कम होतात, त्यातलाच प्रकार. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. दगड मुळात त्यांच्याच रानाच्या तेलातून आला होता.

१९७९ साली युनेस्कोने अल् जेमला जागतिक वारशाच्या यादीत घातले. १९८० च्या दशकापासून तिथे उन्हाळ्याच्या रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात वाद्यसंगीताचा महोत्सव भरतो. ज्या भिंतींनी जनावरांच्या आणि माणसांच्या किंकाळ्या ऐकल्या, तिथे आता व्हायोलिन वाजते आणि शेवटच्या पायरीपर्यंत नीट ऐकू येते.

तेल मात्र चालूच आहे. ट्युनिशिया आजही जगातल्या मोठ्या तेल उत्पादक देशांत गणला जातो. माल बहुतेक सुटा, टाक्यांतून परदेशी जातो आणि इटली-स्पेनच्या कंपन्या तो आपल्या बाटल्यांत भरून विकतात. बाटलीवर नाव त्यांचे आणि मधला पैसाही त्यांचा. आपल्या बाटल्या आपणच भराव्यात यासाठी तिथले लोक अलीकडे धडपडू लागले आहेत.

तिथला तोडणीचा हंगाम नोव्हेंबरपासून सुरू होतो, म्हणजे आपल्या गळीताच्याच वेळी. झाडाखाली कापड अंथरतात. जुनी माणसे बोटांत बकऱ्याच्या शिंगांची टोके घालून फांदी विंचरावी तशी फळे ओरबाडून काढतात, फांदी मात्र मोडू देत नाहीत. संध्याकाळी पोती भरून गाड्या तेलाच्या गिरणीकडे निघतात आणि वजनाला नंबर लावून उभ्या राहतात.